संगीन कामाला लावण्यापूर्वी

लष्करी संगीन रानावनात रोजच्या कामाचा चाकू म्हणून किती टिकेल, हे तिच्या पात्याकडे पाहून सांगता येत नाही. संगीन मोडते ती बहुतेक वेळा दोनच जागी: मूठ आणि पातं जिथे मिळतात तिथे, नाहीतर टोकाच्या मागे दोन-तीन बोटांवर. मधलं लांब पातं सहसा शाबूत राहतं. विकत घेताना मात्र माणसं नेमकं तेच निरखतात. पातं किती जाड आहे, पाठीला करवत आहे का, तार तोडायची सोय आहे का, कुठल्या फौजेची आहे. मुठीच्या आत काय आहे हे विचारणारा विरळा. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. आधी मूठ, मग पोलाद, मग पातं, आणि त्यानंतर संगिनीकडून कोणती कामं करून घ्यायची आणि कोणती मुळीच घ्यायची नाहीत ते.

माझं मत आधीच सांगतो. चांगली संगीन हा मध्यम प्रतीचा चाकू असतो. कापण्याच्या कामाला ठेवली तर ती एका माणसाचा जन्म सहज काढते. पहारीसारखी वापरली तर एका दुपारीही मोडते. हे दोन्ही अनुभव खरे असल्यामुळेच एकाच संगिनीची कुणी तोंडभर स्तुती करतो आणि कुणी तिला कचरा म्हणतो.

ही घडण आली कुठून

संगीन आधी रायफलीचा भाग असते, चाकू नंतर. ब्रिटिश पॅटर्न १९०७ संगिनीचं पातं १७ इंचांचं होतं. त्या काळातली ली-एनफिल्ड रायफल आधीच्या रायफलींपेक्षा आखूड केली होती, आणि कमी झालेली पोच भरून काढायला पातं वाढवलं गेलं. त्या लांबीचा कापण्याशी काही संबंध नव्हता. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यातही हीच संगीन बनत असे. दुसऱ्या महायुद्धात भारतीय नमुन्याचं पातं १२ इंचांवर आलं आणि हातात धरून काम करायला ती एकदम सुटसुटीत झाली. इंग्लंडने त्याच सुमारास चार नंबरच्या रायफलीला ८ इंचांची नुसती खिळ्यासारखी संगीन दिली. बनवायला स्वस्त, भोसकायला पुरेशी, पण तिने दोरी कापता येत नव्हती की डबा उघडता येत नव्हता. पुढे पाच नंबरच्या जंगल कार्बाइनला पुन्हा पात्याची संगीन आली, आणि १९४० चं दशक सरता सरता चार नंबरच्या रायफलीलाही पात्याची संगीन मिळाली. सैनिक दिवसभरात संगिनीचं जे करतो त्यातलं जवळजवळ सगळं कापणं, खरवडणं, उघडणं असतं, हे यातून उघड दिसतं.

अमेरिकेत प्रवास उलट दिशेने झाला. १९४३ चा एम३ हा खंदकातला चाकू होता. त्याच्याच पात्यावरून १९४४ मध्ये एम४ ही कार्बाइनची संगीन आली आणि तो वंश १९६४ च्या एम१६ रायफलीच्या एम७ संगिनीपर्यंत पोचला. सोव्हिएत फौजेने १९५९ मध्ये एकेएम रायफल स्वीकारली आणि तिच्याबरोबर एक वेगळीच वस्तू आली: सुमारे १५ सेंटिमीटरचं आखूड पातं, पाठीला करवत, पात्यात एक लांबट भोक, आणि म्यानाच्या टोकाला खुंटी. भोक खुंटीत अडकवलं की पातं आणि म्यान मिळून कात्रीसारखी तार तोडतात. १९८४ च्या अमेरिकन एम९ ने ही कल्पना उचलली. आज सरप्लसच्या दुकानात ‘मल्टिपर्पज’ म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं या दोघींच्या पोटचं किंवा त्यांची नक्कल.

मुठीच्या आत

पात्याचं पोलाद जिथे मुठीत शिरतं त्या भागाला फिटर आणि लोहार मंडळी टँग म्हणतात. कानशीला लाकडी मूठ बसवतो तीसुद्धा टँगवरच. संगिनीचं आयुष्य या टँगवर ठरतं.

कारण साधं आहे. पात्याचं टोक कुठेतरी अडकवून तुम्ही मुठीवर जोर दिलात, की त्या जोराचा सगळ्यांत मोठा ताण मुठीच्या तोंडाशी येतो. तिथे पोलाद रुंद आणि सलग असेल तर ते थोडं वाकून परत येतं. तिथेच ते एकदम निमुळतं झालं असेल, आणि त्या निमुळत्या जागी आतला कोपरा काटकोनात काढलेला असेल, तर ताण त्या कोपऱ्यात एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. चांगल्या घडणीत हा कोपरा गोलाकार ठेवलेला असतो. मूठ उतरवल्याशिवाय तो दिसत नाही.

पॅटर्न १९०७ या बाबतीत आदर्श आहे. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत जातं, दोन्ही बाजूंना लाकडाच्या फळ्या आणि आरपार दोन स्क्रू. एम७ चीही मूठ याच पद्धतीची, फक्त लाकडाऐवजी काळं प्लास्टिक. दोन स्क्रू सोडवले की टँग डोळ्यांसमोर येते. गंज किती आहे, कोपरा कसा आहे, तडा गेला आहे का, सगळं पाच मिनिटांत कळतं. कामाची संगीन घ्यायची तर मी अशीच घेईन, कारण जी मूठ उघडता येते तिची तपासणी करता येते आणि फुटली तर दुसरी बसवता येते.

एम९ चं पातं सुमारे १८ सेंटिमीटर लांब आणि जवळजवळ ६ मिलिमीटर जाड आहे. हातात घेतल्यावर वाटतं, हिला काय होणार! पण हे जाड पातं मुठीच्या शेवटपर्यंत जात नाही. पात्याला आखूड टँग ठेवून त्यात आटे पाडलेली एक सळई बसवलेली असते. ती नायलॉनच्या मुठीतून आरपार जाते आणि मागे आवळली जाते. दुरुस्तीच्या दृष्टीने ही सोयीची रचना आहे, मूठ सहज बदलता येते. पण बाजूने जोर आला की ६ मिलिमीटरच्या पात्यावरचा सगळा भार त्या आखूड टँगवर आणि सळईच्या आट्यांवर पडतो. प्रत्येक आटा म्हणजे एक बारीक खाच. शिवाय ही सळई वापराने सैल होते, आणि सैल मुठीत पातं हलू लागलं की प्रत्येक घावाला जोडावर छोटा धक्का बसत राहतो. एम९ वापरणाऱ्याने म्हणूनच मुठीत खेळ आला आहे का हे नियमित पाहावं आणि वेळीच आवळून घ्यावं. पात्याची जाडी पाहून तिच्याकडून पहारीचं काम घेणं ही तिच्याबाबतची नेहमीची चूक आहे.

एकेएम संगिनीची मूठ प्लास्टिकची, टँगभोवती बसवलेली. पहिल्या नमुन्यात मुठीचा मागचा भागही बराचसा प्लास्टिकचाच होता. नंतरच्या नमुन्यात तिथे पोलादी टोपी आली. दोन्ही समोर असतील तर नंतरची घ्यावी. या मुठी स्क्रू काढून उघडता येत नाहीत, त्यामुळे तपासणी बाहेरूनच करावी लागते. प्लास्टिक साठ वर्षांचं झालेलं असू शकतं आणि जुनं प्लास्टिक आपटल्यावर चिरतं, हे लक्षात असू द्यावं.

ब्रिटिश एसए८० रायफलीच्या संगिनीची मूठ पोकळ आहे, कारण ती रायफलीच्या नळीच्या तोंडावर टोपणासारखी चढते. पातं त्यामुळे मुठीच्या मध्यरेषेत येत नाही, एका बाजूला राहतं. हातात धरून बारीक कापाकापी करताना हे विचित्र लागतं. तिच्या म्यानात करवत आणि धार लावायचा दगड बसवलेला आहे, आणि मला विचाराल तर करवत पात्याच्या पाठीवर न ठेवता म्यानात ठेवणं हा त्या संचातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय आहे.

ऑस्ट्रियाच्या फौजेसाठी ग्लॉकने बनवलेला ७८ नंबरचा फील्ड चाकू मात्र दुसऱ्या टोकाकडून आला. तो मुळात चाकू आहे. मुठीच्या मागची टोपी काढून जोड बसवला की तो रायफलीला लावता येतो. साडेसोळा सेंटिमीटरचं साधं पातं, पाठीला करवत नाही, पात्यात भोक नाही. किंमतही त्या मानाने बेताची. परदेशात राहणाऱ्या आणि संगिनीच्याच घाटाचं काही कामाला हवं असणाऱ्या वाचकांना मी हा किंवा एम७ सुचवेन.

पोलाद किती कडक असावं

पोलाद लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवलं की ते अतिशय कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. मग ते पुन्हा माफक तापवून थोडा कडकपणा उतरवतात आणि त्या बदल्यात चिवटपणा मिळवतात. ही देवाणघेवाण प्रत्येक पात्यात करावीच लागते. कडकपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर अनेक जपानी स्वयंपाकी सुऱ्या ६० च्या वर असतात. ग्लॉकचं पातं ५५ च्या आसपास, आणि अमेरिकन मरीन दलाने २००३ मध्ये स्वीकारलेल्या ओकेसी-३एस संगिनीला ५३ ते ५८ ची मर्यादा घालून दिलेली आहे. म्हणजे संगीन जाणूनबुजून मऊ ठेवतात. बोथट झालेल्या पात्याला धार लावता येते, मोडलेल्या पात्याचं काही करता येत नाही. संगीन लवकर बोथटते अशी तक्रार करणाऱ्याने हे समजून घ्यावं. तिची धार महिनाभर टिकत असेल तर एकतर ती काही कापत नाही, किंवा ती फार कडक आहे आणि कधीतरी तुटणार आहे.

ओकेसी-३एस साध्या उच्च-कार्बन पोलादाची आहे, ज्यात सुमारे ०.९५ टक्के कार्बन असतो. एम९ स्टेनलेस आहे. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहणाऱ्याला स्टेनलेसचा मोह होणं स्वाभाविक आहे, कारण खाऱ्या हवेत कार्बन पोलादाला रात्रीत तांबूस डाग पडतात. पण कार्बन पोलादाला दगडावर धार पटकन चढते आणि ते बहुधा जास्त चिवट असतं. रोज पुसायची सवय असेल तर मी कार्बन पोलाद घेईन. नसेल तर स्टेनलेस बरं.

हिमालयात जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. कडक थंडीत पोलाद ठिसूळ होतं. ओकेसी-३एस च्या अपेक्षांमध्ये उणे ३२ पासून ५७ अंश सेल्सिअसपर्यंत न मोडता काम करणं हे अंतर्भूत आहे. जुन्या संगिनींबाबत असा भरवसा कुणी दिलेला नाही. रात्रभर बाहेर राहिलेल्या पात्याने सकाळी गोठलेलं लाकूड फोडायला जाऊ नये. आधी जॅकेटच्या आत धरून त्याची थंडी मोडावी.

भोकं, दात आणि खाचा

सपाट पात्याची जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध आठपट होतो आणि मोडण्याला होणारा विरोध चौपट. त्यामुळे जाड पातं दणकट, हे खरंच आहे. पण त्याच पात्यात तुम्ही भोक पाडलंत, की त्या जागी पोलादाची रुंदी कमी होते आणि भोकाच्या कडांवर ताण वाढतो. तार तोडायचं भोक टोकाच्या बाजूला असतं. टोक खाचेत घालून पिळलं की मोडण्याचा धोका नेमका भोकाशी. टोकाने झाकण उचकटणं, खिळा काढणं, दगड हलवणं ही कामं एकेएम किंवा एम९ च्या पात्याला म्हणूनच वर्ज्य समजावीत.

पाठीवरच्या करवतीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तिच्यामुळे सर्वांत जास्त माणसं फसतात. सुताराच्या करवतीचे दात आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे वळवलेले असतात. त्यामुळे पडणारी फट पात्यापेक्षा रुंद होते आणि पातं अडकत नाही. संगिनीच्या पाठीचे दात जाड पोलादातच कोरलेले असतात. चार-पाच ओढींत ते लाकडात फसतात आणि तुम्ही जोर लावून पातं पिळू लागता. करवत म्हणून ती निरुपयोगी ठरते आणि पातं मात्र पणाला लागतं. प्रत्येक दाताच्या बुडाशी पुन्हा एक खाच आलीच. शिवाय पाठीवर लाकडाचा दांडा मारून पातं लाकडात उतरवायचं म्हटलं तर दात दांड्याच्या चिंध्या करतात. पहिल्या महायुद्धात जर्मन फौजेकडे पाठीला दात असलेल्या संगिनी होत्या. त्या मुळात लाकूड कापायला दिलेल्या, पण शत्रूपक्षात त्यांच्याविषयी इतका संताप उसळला की पुढे ते दात घासून टाकण्याचे हुकूम निघाले. दात गेलेल्या त्या संगिनी आजही संग्राहकांकडे दिसतात, आणि चाकू म्हणून दात असलेल्यांपेक्षा त्याच बऱ्या.

पात्याच्या लांबीत कोरलेली उथळ पन्हळ मात्र घाबरण्यासारखी नाही. ती वजन कमी करते आणि मजबुती फारशी घटवत नाही, कारण पाठ आणि धार या दोन्हीकडे पूर्ण पोलाद राहिलेलं असतं.

वापरायला काढण्यापूर्वीची तपासणी

जुनी संगीन हाती आली की आधी नुसतं ऐका. मूठ हलक्या हाताने धरा, मुठीमागची रायफलीवर अडकवायची कळ दाबून ठेवा म्हणजे तिची खडखड मध्ये येणार नाही, आणि पात्याला लाकडी चमच्याने टिचकी मारा. खणखणीत, लांबणारा आवाज आला तर जोड घट्ट आहे. भसाडा, लगेच विरणारा आवाज आला तर मुठीत काहीतरी सैल आहे किंवा तडा गेलेला आहे.

मग तडा शोधायचा. वर्कशॉपमधली जुनी रीत इथे उत्तम चालते. मुठीच्या तोंडाचा भाग, भोकाच्या कडा आणि करवतीची बुडं जुना तेलकटपणा काढून स्वच्छ करा. त्यावर रॉकेल लावा आणि पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या. नंतर कोरड्या फडक्याने अगदी कोरडं पुसून घ्या आणि वर पांढऱ्या खडूची बारीक पूड चोळा. पाठीवर लाकडाने दोन-चार हलके टोले द्या. तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या पुडीत केसासारखी काळपट रेघ उमटते. पुडीवर नुसते ठिपके दिसले तर ते गंजाचे खड्डे. रेघ दिसली तर ती संगीन कामाला लावू नका, भिंतीवर लावा. केसाएवढा तडा वेल्डिंगने बुजवून देतो असं सांगणारे भेटतात. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूच्या पोलादाचं पाणी उतरतं आणि पुढचं मोडणं वेल्डच्या शेजारी होतं.

स्क्रूच्या मुठी उघडा. टँगवर वरवरचा तपकिरी थर असेल तर तो तेल आणि बारीक लोहकाथ्याने निघतो. थर पापुद्र्यांसारखा सुटत असेल आणि खाली खड्डे असतील तर पोलाद खरोखर खाल्लं गेलं आहे. नकली माल इथेच उघडा पडतो. टँगच्या जागी सळईचा तुकडा जोडलेला, वेल्डिंगचा ओघळ तसाच ठेवलेला, असं दिसलं की पुढे पाहायला नको. अस्सल ब्रिटिश पॅटर्न १९०७ च्या पात्याच्या मुळाशी मुकुट, तारीख, कारखान्याचं नाव आणि एक इंग्रजी एक्ससारखी फुली सापडते. पातं वाकवून चाचणी घेतल्याची ती खूण आहे. शंभर वर्षांपूर्वी कारखान्याने जे तपासलं होतं, तेच आज आपण आपल्या परीने पुन्हा तपासतो आहोत.

कामं

दोर, पट्टे, कॅनव्हास, पोती, पुठ्ठे कापणं, अंगठ्याएवढ्या सुक्या फांद्या छाटणं, जाळासाठी ढलप्या काढणं ही संगिनीची हक्काची कामं. स्वयंपाकात ती निराशा करते. पातं जाड असल्यामुळे बटाटा कापला जाण्याऐवजी फुटतो, आणि मुठीच्या तोंडाशी रायफलीची नळी ओवायची कडी असते ती चॉपिंग बोर्डला टेकून पातं खाली पोचूच देत नाही. शिवाय जुन्या संगिनीवर बंदुकीचं तेल आणि ग्रीस वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. अन्नाला लावण्यापूर्वी गरम पाण्याने आणि साबणाने दोन-तीनदा धुतलीच पाहिजे.

सरळ रेषांचं, गाठ नसलेलं, मनगटापेक्षा बारीक सुकं लाकूड पाठीवर दांडा मारून चिरता येतं, पण ते साध्या पाठीच्या आणि पूर्ण टँगच्या संगिनीनेच. घाव पात्याच्या मध्यावर द्यावा, मूठ आवळून धरू नये, आणि पातं अडकलं तर डावी-उजवीकडे न पिळता लाकूड उलटं करून बाहेर काढावं. हे काम रोजचं असेल तर कोयता घ्या. आपल्याकडचा लोहार जो कोयता करून देतो त्याची घडण याच कामासाठी झालेली आहे आणि संगीन तिथे त्याच्या जवळपासही येत नाही.

न करायच्या कामांत उचकटणं पहिलं. संगीन रायफलीवर चढवून उचकटणं त्याहून वाईट, कारण हाताची वीत-दीड वीत तरफ एकदम मीटरभराची होते आणि तोच जोर कितीतरी पटींनी पात्यावर येतो. मुठीच्या मागच्या टोकाने तंबूच्या खुंट्या ठोकू नयेत. तिथे रायफलीवर बसायची खाच, कळ आणि स्प्रिंग असते, आणि ती वाकली की संगीन रायफलीवरही बसत नाही आणि काही म्यानांतही नीट अडकत नाही. खणू नये. धार तर जातेच, वर माती कळीत शिरते आणि ओल धरून बसते. फेकून मारू नये. पातं आडवं आदळलं की मुठीच्या जोडावर जो हिसका बसतो तो वर्षभराच्या कामापेक्षा वाईट. आणि सह्याद्रीतल्या कड्यांवर फिरणाऱ्यांना कळकळीने सांगतो: खडकाच्या फटीत संगीन ठोकून तिच्यावर हाताचा किंवा पायाचा भार कधीही टाकू नका. तिथे मोडण्याची किंमत पात्याची नसते.

तार तोडण्याच्या सोयीबद्दल. एकेएम च्या मुठीचं प्लास्टिक आणि म्यानावरचं रबर विजेपासून बचाव म्हणून दिलेलं होतं. आज ते रबर वाळून भेगाळलेलं असतं. त्याच्या भरवशावर वीज असण्याची शक्यता असलेल्या कुठल्याही तारेला हात लावू नका, मग ते शेताचं झटका कुंपण का असेना. वीज नाही याची खात्री असलेली साधी बारीक तार तोडायला हरकत नाही.

धार

बऱ्याच संगिनी कारखान्यातून जवळजवळ बोथट येतात, कारण फौजांमध्ये धार लावायची ती हुकूम झाल्यावर. पहिली धार काढायला त्यामुळे वेळ लागतो. विजेच्या साणेवर कोरडं घासून घेण्याचा मोह टाळा. धारेचं पोलाद इतकं पातळ असतं की क्षणात तापतं. निळा डाग उमटला की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला आणि तिथली धार पुन्हा कधी टिकणार नाही. सायकलवरच्या धारवाल्याकडे देत असाल तर त्याला मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगा आणि तिथे उभे राहा. घरी करायचं तर भरड दगड, मग बारीक दगड, पाणी किंवा तेल, आणि प्रत्येक बाजूला सुमारे २५ अंशांचा कोन. स्वयंपाकाच्या सुरीसारखा १५ अंशांचा कोन इथे देऊ नये. पोलाद मऊ असल्याने अशी बारीक धार पहिल्याच गाठीवर वळते. टोकाकडच्या भागाला आणखी कमी घासावं. टोक जितकं बारीक कराल तितकं लवकर तुटेल.

पॅटर्न १९०७ किंवा कुठलीही जुनी, शिक्के शाबूत असलेली संगीन असेल तर मात्र तिला दगडही लावू नका. घासलेल्या पात्याची संग्राहकाच्या दृष्टीने किंमत कोसळते आणि ती परत येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या संगिनी आता शंभर वर्षं ओलांडून गेल्या आहेत, आणि भारतात शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अशी वस्तू वारशाने घरात आली असेल तर कामाला वेगळा चाकू घ्या.

पावसाळा

चामड्याचं म्यान दिसायला सुंदर आणि साठवणीला घातक. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात शिल्लक असतात, आणि जून ते सप्टेंबर पातं त्यात तसंच राहिलं तर दिवाळीला ते म्यानातून सहज निघत नाही. पातं आणि म्यान वेगळं ठेवा. पात्याला पातळ ग्रीस किंवा मशिनचं तेल लावून तेलकट कागदात गुंडाळा. लाकडी मुठीला वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात द्या, अगदी पातळ, आणि जादा तेल पुसून टाका. कळीच्या खाचेत तेलाचा थेंब सोडा. १९१६ च्या सुमारास ब्रिटिशांनी पॅटर्न १९०७ च्या मुठीच्या मागे एक आरपार भोक पाडायला सुरुवात केली, खाचेत साचणारी घाण आणि तेल बाहेर पडावं म्हणून. त्या भोकातून काडी फिरवली की आत काय काय साचतं ते दिसतं.

कायदा आणि प्रवास

शस्त्र नियम २०१६ च्या परिशिष्टात तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर संगिनीचा नावानिशी उल्लेख आहे, आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांची मर्यादाही तिथेच दिलेली आहे. शेती किंवा घरकामासाठी घडवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. संगीन अर्थातच त्या सवलतीत बसत नाही. अधिसूचित भागात अशी शस्त्रं बाळगायला परवाना लागतो. महाराष्ट्रात याशिवाय पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सार्वजनिक ठिकाणी शस्त्र बाळगण्यावर वेळोवेळी मनाई हुकूम निघतात. पातं ९ इंचांहून लहान आहे एवढ्यावर विसंबू नका. विकत घेण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारा, पावती जपून ठेवा, आणि परदेशातून मागवायची असेल तर कस्टम्सचे नियम आधी पाहा.

ट्रेकसाठी मी संगीन सुचवत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यांत झाडाला पातं लावणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, आणि दोर, पाकिटं, भाजी यांना चार इंचांचा साधा चाकू पुरतो. तरीही आपल्या शेतावर किंवा खासगी जागेत कामाला नेणारच असाल, तर ती म्यानात घालून, वरून कापडात घट्ट बांधून, सामानाच्या तळाशी ठेवावी. एसटीत, लोकलमध्ये, बाजारात कमरेला लावून फिरू नये. विमानात ती हातातल्या बॅगेत चालत नाही. चेक-इन सामानात चालते की नाही हे तिकीट काढण्यापूर्वी कंपनीला विचारून घ्यावं.